महाराष्ट्रातील संगणक-उद्योगांच्या संचालक मंडळांस खुले पत्र

सन्माननीय संचालक महोदय व महोदया,



हिंजवडी, खराडी, ऐरोली आणि नागपूरचे मिहान येथे आपल्या ज्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत, त्यांत बसून आपली हजारो माणसे बँकांचे, विमा कंपन्यांचे, रुग्णालयांचे आणि सरकारी खात्यांचे जे काम अहोरात्र चालवितात, त्या कामाचा फार मोठा भाग अशा सॉफ्टवेअरवर उभा आहे की ज्याची किंमत आपल्या खरेदी विभागाने कधी चुकती केलेली नाही. आणि यात आपला काही अपराधही नाही, कारण ज्यांनी ते लिहिले त्यांनीच ते कोणीही वापरावे, तपासावे, बदलावे आणि वाटावे, अशी सनद त्याच्यासोबत जोडून दिली आहे. लिनक्स, पोस्टग्रेस, अपाची, पायथन ही नावे आपल्या अभियंत्यांच्या तोंडी दिवसभर असतात. आपल्या ताळेबंदात मात्र ती कोठेच आढळत नाहीत. ज्या वस्तूचे बिल येत नाही तिची जमाखर्चात नोंद होत नाही, आणि जिची नोंद नाही तिच्या देखभालीची काळजी वाहणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत बसत नाही.

मला जे मागावयाचे आहे ते आरंभीच सांगतो. आपल्या पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीचे एक स्वतंत्र खाते उघडावे, त्यात दरसाल ठरावीक रकमेची तरतूद करावी, आणि ही रक्कम धर्मादायात न दाखविता, वीज, पाणी व इमारतीची डागडुजी ज्या सदरात जाते त्याच सदरात खर्ची टाकावी. त्या पैशाच्या जोडीला आपल्या माणसांचे कचेरीच्या वेळातले काही तासही याच कामासाठी मोकळे करावेत. मी स्वतः आज्ञावलींच्या मराठी अनुवादाची तपासणी करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी आहे. माझ्या कामाला पैशाची गरज पडत नाही आणि या पत्रात मी स्वतःकरिता काही मागत नाही. परंतु द्रव्य आणि स्वेच्छाश्रम यांचा परस्परसंबंध मोठा नाजूक असून, द्रव्य कोठे द्यावे आणि कोठे देऊ नये हे न उमगल्यामुळे चांगल्या हेतूनेही हानी होऊ शकते. म्हणून केवळ मागणी करून न थांबता तिच्यामागची कारणे सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम आपल्या खिशातलेच उदाहरण घेऊ. आपण मोबाइलवर ‘किल्ला’ हा शब्द लिहिता, तेव्हा बोटाखाली आधी ‘क’ येतो आणि मागाहून ऱ्हस्व वेलांटी. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसली पाहिजे. ‘वाऱ्यावर’ या शब्दातल्या ‘र’चा रफार होऊन तो ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसता कामा नये, त्याचे ते आडवे, अर्धे रूप ‘य’च्या डाव्या अंगास चिकटले पाहिजे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून निराळी आहेत. टंकात दोन्ही वळणे असतील तर मराठी मजकुराच्या वाट्याला मराठी वळणच यावयास हवे. ही सारी जुळवाजुळव अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये हार्फबझ नावाची एकच मुक्त आज्ञावली करीत असते, आणि मराठी वाचणाऱ्या कोट्यवधी लोकांत तिचे नाव ऐकलेला माणूस विरळा. रेड हॅट, मोझिला, गूगल अशा संस्थांनी आपल्या पगारी माणसांचा वेळ वेळोवेळी तिच्यासाठी मोकळा केला, आणि त्यांच्याबरोबरीने काही जणांनी निव्वळ आवडीखातर तिच्यात भर घातली, म्हणूनच आज आपण निर्धोकपणे मराठीत पत्र लिहू शकतो. लोहित हा टंकही रेड हॅटने असाच मुक्त परवान्याखाली लोकांच्या स्वाधीन केला, आणि त्या कंपनीच्या पुण्यातील कार्यालयातल्या माणसांनी मराठीसह अनेक भारतीय भाषांचे काम दीर्घकाळ सांभाळले. कंपनीने आपल्या माणसांचा वेळ दिला म्हणजे काय घडते, याचा दाखला शोधण्यासाठी आपणास पुण्याच्या वेशीबाहेर जाण्याचे कारण नाही.

आता डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त संगणक-प्रणालीच्या प्रकल्पाकडे मी आपले लक्ष जरा विस्ताराने वेधतो, कारण देणगी आणि स्वयंसेवा यांचा एकत्र संसार कसा चालतो हे तेथे जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. १९९७ साली प्रकल्पाने वापरणाऱ्या समाजाशी एक लेखी करार केला, आणि १९९८ साली आपली घटना मंजूर केली. प्रकल्पाचा नेता दरवर्षी सभासदांच्या मतदानाने निवडला जातो. पण त्या घटनेतील जे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, त्याचा आशय असा आहे की, या घटनेमुळे प्रकल्पाचे काम करण्याचे बंधन कोणावरही येत नाही; एखाद्याला सोपविलेले काम करावयाचे नसेल तर त्याने ते करू नये, मात्र रीतसर झालेल्या निर्णयांच्या विरुद्ध कारवाया करू नयेत. आपल्या कोणत्याही कंपनीच्या सेवानियमांत असे कलम घातले तर दुसऱ्या दिवशी कारभार ठप्प होईल, असे आपणास वाटेल. डेबियनमध्ये मात्र या कलमाच्या छायेखाली जगभर विखुरलेले सुमारे हजार सभासद आणि त्यांच्याभोवतीचे कितीतरी साहाय्यक मिळून, १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे एकमेकांशी जुळवून लोकांच्या हाती देऊ शकले. आपल्यापैकी अनेकांच्या सर्व्हरवर चालणारी उबंटू २००४ साली याच पायावर उभारली गेली.

मग अशा ठिकाणी देणगीचे काम काय? डेबियन ही स्वतः कायद्याने नोंदलेली संस्था नाही. तिच्या नावे येणारा पैसा मुख्यत्वे ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ या, १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेल्या, ना-नफा संस्थेकडे जमा राहतो. त्यातून पॅकेजे बांधण्याचे आणि तपासण्याचे संगणक घेतले जातात. एखाद्या अवघड प्रश्नाची तड लावण्यासाठी आठ-दहा जणांना दोन-चार दिवस एका गावी बसावयाचे असेल, तर त्यांच्या प्रवासाची व राहण्याची सोय होते. वार्षिक परिषदेला ज्यांना पदरच्या खर्चाने येणे परवडत नाही त्यांना येता येते. २०२३ ची परिषद केरळात कोची येथे भरली आणि ज्यांना एरव्ही व्हिसाचा व विमानाच्या भाड्याचा विचार करूनच मागे फिरावे लागले असते, अशा भारतीय तरुणांना या मंडळींच्या शेजारी बसून काम करण्याची संधी मिळाली. तयार झालेल्या प्रती जगभर साठवून ठेवणारे मिरर सर्व्हर तर विद्यापीठे आणि कंपन्या आपापल्या खर्चाने चालवितात. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: पैसा माणसाच्या श्रमाचा मोबदला म्हणून कोठेही दिलेला नाही, श्रमाच्या वाटेतील अडसर तेवढे त्याने दूर केले आहेत.

ही मर्यादा ओलांडली तर काय होते, हेही डेबियनने एकदा अनुभवले आहे. २००६ साली तेव्हाच्या नेत्याने आणि इतर काही सभासदांनी ‘डंक-टँक’ नावाचा एक स्वतंत्र उपक्रम काढला. पुढील आवृत्ती डिसेंबरमध्ये वेळेवर निघावी एवढ्यासाठी, तिची जबाबदारी ज्या दोघांवर होती त्यांना काही काळ पूर्णवेळ काम करता यावे म्हणून पैसे द्यावयाचे, असा त्यामागचा निर्मळ हेतू होता. पण ज्यांनी वर्षानुवर्षे तेवढ्याच निष्ठेने आणि एका पैचीही अपेक्षा न धरता काम केले होते, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनाला हे लागले. त्याच हजारातील दोघांचे श्रम मोलाचे आणि बाकीच्यांचे बिनमोलाचे, असा भेद प्रकल्पाच्या अंगणात प्रथमच उभा राहिला. काहींनी उघड निषेध नोंदविला, काहींनी आपले काम कमी केले. ती आवृत्ती अखेर ८ एप्रिल २००७ रोजी निघाली. उशिराचे सगळे खापर एकाच कारणावर फोडणे न्याय्य होणार नाही. तरीही, स्वेच्छेने काम करणाऱ्यांच्या समुदायात पैसा आणताना आधी त्या समुदायाची संमती घेतली पाहिजे, हा बोध त्यातून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून श्रमासाठी पैसा देऊच नये, असा निष्कर्ष मी काढीत नाही. याच डेबियनमध्ये २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांना दीर्घ मुदतीपर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याचे काम चालू आहे, आणि ते बव्हंशी कंपन्यांच्या वर्गणीतून वेतन घेणाऱ्या माणसांकडून होते. कालबाह्य होत चाललेल्या आज्ञावलीत ठिगळे लावीत बसण्याची हौस क्वचितच कोणाला असते; त्या कामाची गरज मात्र बँकांना आणि कारखान्यांना असते, कारण त्यांना दर दोन-तीन वर्षांनी सारी यंत्रणा बदलणे शक्य नसते. ज्यांना गरज त्यांनी पैसा द्यावा, ज्यांची खुशी त्यांनी तो घेऊन काम करावे, आणि बाकीच्यांच्या स्वयंसेवेला धक्का लागू नये, अशी ही व्यवस्था एव्हाना चांगली स्थिरावली आहे. नवी वस्तू घडविण्यासाठी माणसे आपणहून धावून येतात. विहिरीचे पाणी सगळे भरतात, पण तळाचा गाळ उपसण्यास मजुरी देऊन माणूस लावावा लागतो. आपल्या देखभाल-खात्यातील पैसा पहिल्याने या गाळाकडे वळावा, असे माझे म्हणणे आहे.

तो न वळल्यास काय ओढवते याची दोन उदाहरणे आपल्या सुरक्षा-अधिकाऱ्यांना तोंडपाठ असतील. तरी त्यांतील जमाखर्चाची बाजू संचालक मंडळापुढे क्वचितच मांडली जाते, म्हणून ती येथे लिहितो. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. ग्राहकाचा ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर यांच्यातील संभाषण गुप्त राखणे हे ज्या आज्ञावलीचे काम, तिच्याच छिद्रातून सर्व्हरच्या स्मृतीतील गुपिते कोणालाही वाचता येत होती, आणि हे छिद्र दोन वर्षे कोणाच्या नजरेस पडले नव्हते. तेव्हा चौकशीअंती बाहेर आले की, जगातील बहुसंख्य सुरक्षित संकेतस्थळे जिच्या भरवशावर चालत होती त्या प्रकल्पाला देणग्यांपोटी सालिना सुमारे २ हजार डॉलर मिळत, त्याचा बाकीचा खर्च कंत्राटी कामे घेऊन भागविला जाई, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस त्यात एकच होता. दोष गाजल्यानंतरच्या आठवड्यात ९ हजार डॉलरच्या आसपास देणग्या आल्या, त्याही बहुतांशी पाच-पाच, दहा-दहा डॉलरच्या, सामान्य माणसांच्या. कंपन्या जाग्या झाल्या त्या महिनाअखेरीस, लिनक्स फाउंडेशनने पुढाकार घेतल्यावर. मग मात्र डझनभर बड्या कंपन्यांनी तीन वर्षांपर्यंत दरसाल प्रत्येकी १ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. हीच रक्कम दोन वर्षे आधी मिळाली असती तर तो दोष निश्चितच टळला असता असे प्रतिज्ञेवर कोणी सांगू शकणार नाही. पण लिहिलेले दुसऱ्याने वाचून पाहावे एवढी उसंत त्या प्रकल्पाला मिळाली असती.

दुसरे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. माहितीचा आकार लहान करणारी एक्सझेड नावाची साधी आज्ञावली एकच गृहस्थ अनेक वर्षे आपल्या फावल्या वेळात सांभाळीत होते. २०२२ मध्ये काही अपरिचित नावांनी त्यांच्यावर दिरंगाईचा आरोप करून दडपण आणले. तेव्हा, आपली मनःप्रकृती बरी नसते आणि हे काम आपण कसल्याही वेतनाविना करतो, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले होते. त्याच सुमारास एक मदतनीस पुढे आला, त्याने दोन वर्षे चोख काम करून विश्वास संपादन केला, कारभारात भागीदारी मिळविली, आणि अखेर दूरवरून संगणकांत शिरता यावे अशी एक चोरवाट त्या आज्ञावलीत पेरली. ती उघडकीस आली २९ मार्च २०२४ रोजी. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा त्याने सोडला नाही. तोवर ही चोरवाट काही वितरणांच्या चाचणी-आवृत्त्यांत शिरलीही होती. आणखी काही आठवडे गेले असते तर ती आपल्या सर्व्हरांवर उतरली असती. मूळ गृहस्थांना पैशाने मदत झाली असती की नाही, याहून महत्त्वाचा प्रश्न मला दिसतो तो असा की, त्यांच्या आज्ञावलीवर विसंबून असलेल्या सहस्रावधी कंपन्यांपैकी एकीलाही आपला एखादा भरवशाचा अभियंता आठवड्यातून अर्धा दिवस त्यांच्या मदतीला द्यावासा का वाटला नाही? खरा मदतनीस नव्हता, म्हणून खोट्याला जागा मिळाली.

आता आपण म्हणाल की, सामाजिक दायित्वापोटी आम्ही दरवर्षी पैसा देतच आहोत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम आपण खर्च करता, हे खरे. पण त्याच कायद्याखालील नियमांनी भारताबाहेरची कामे आणि कंपनीच्या नित्य व्यवसायाचा भाग असलेली कामे त्या हिशेबातून वगळली आहेत, आणि आपण ज्यांच्या खांद्यावर उभे आहात ते बहुतेक प्रकल्प बर्लिन, न्यूयॉर्क किंवा अशाच कोठल्या तरी गावी नोंदलेल्या संस्थांच्या आश्रयाने चालतात. तेव्हा ती वाट येथे फारशी उपयोगाची नाही, आणि माझ्या मते ती योग्यही नाही. परोपकार मानला की तो मंदीच्या वर्षी सर्वांत आधी कापला जातो. व्यवसायाचा खर्च मानला की तो हिशेबतपासनिसासमोर ताठ मानेने उभा राहतो. बंगळुरूच्या झेरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तो आपला सारा व्यवसाय अशा सॉफ्टवेअरवर उभा आहे हे स्पष्ट शब्दांत मान्य करून. महाराष्ट्रातून अशी घोषणा व्हावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

रक्कम थोडी असली म्हणून संकोच करू नये. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंडाची कल्पना महाराष्ट्रभर हिंडून रुजविली, आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला, हे आपणास ठाऊकच आहे. एका बड्या कंपनीने एकदा दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा शंभर मध्यम कंपन्यांनी न चुकता दिलेली वर्गणी प्रकल्पाला अधिक निश्चिंत करते, कारण पुढच्या वर्षी किती येणार हे ठाऊक असेल तरच एखाद्या माणसाला नोकरीवर ठेवता येते किंवा सुरक्षा-परीक्षणाचे काम बाहेर सोपविता येते.

पैसा कोणाला द्यावा, हे ठरविण्याची सामग्री आपल्या दफ्तरात आहे. परदेशी ग्राहकांच्या आग्रहामुळे आपल्यापैकी अनेक जण प्रत्येक उत्पादनात कोणकोणते घटक वापरले आहेत याची सूची हल्ली ठेवतातच. ती सूची अभियंत्यांपुढे ठेवा, आणि ज्या घटकांची जबाबदारी एका-दोघांवरच आहे, जेथे दोषांच्या नोंदी साचून राहिल्या आहेत, अशांच्या नावापुढे खूण करण्यास सांगा. निधीचे पहिले हक्कदार तेच. गाजलेल्या प्रकल्पांना देणगीदार मिळतात. कोणी ज्यांचे नाव घेत नाही, त्यांच्याकडे आपण पाहावे. देताना कृपया अटी घालू नका. अमुक सुविधा आधी करा, आमचे बोधचिन्ह अमुक ठिकाणी लावा, असे म्हणू नका. सांभाळणाऱ्याला कशाची निकड आहे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. आणि त्याला पैसा नको असेल तर त्याच्या नकाराचा मान राखून, कोणते काम हातावेगळे करून हवे आहे, एवढेच त्याला विचारा.

शेवटची मागणी पैशाची नाही, पण माझ्या बरोबरीने काम करू पाहणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने ती सर्वांत निकडीची आहे. अनेक कंपन्यांच्या नियुक्तिपत्रांत असे एक कलम असते की, नोकरीच्या काळात कर्मचारी जे जे लिहील, मग ते रात्री घरी बसून स्वतःच्या संगणकावर का लिहिलेले असेना, त्याची मालकी कंपनीची. या कलमाच्या धाकाने मराठी अनुवादाची चार वाक्ये किंवा दोषाची एक ओळीची दुरुस्ती पाठविण्यासही चांगली चांगली मुले कचरतात. वरिष्ठांकडे परवानगीचा अर्ज करावा तर तो विधी विभागात जाऊन पडतो, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत मुलाचा उत्साह ओसरलेला असतो. या कलमाला एक अपवाद जोडावा: मुक्त परवान्याखालील प्रकल्पांना दिलेल्या, कंपनीच्या गुपितांशी संबंध नसलेल्या योगदानास पूर्वपरवानगीची गरज नाही आणि त्यावर कंपनीचा हक्क राहणार नाही. अशा दोन ओळींनी आपल्या तिजोरीतून एक रुपयाही जाणार नाही, आणि मराठी मुलखातील हजारो कुशल हात मोकळे होतील.

निधीची तरतूद पुढील एप्रिलपासून करता येईल. नियुक्तिपत्रातील दुरुस्ती मात्र आपल्या येत्या बैठकीतच मंजुरीस ठेवावी, अशी प्रार्थना आहे. तिचा मसुदा करताना किंवा घटकांची सूची चाळताना जाणत्या स्वयंसेवकांची मदत हवी असल्यास मी व माझे सहकारी आपण सांगाल त्या दिवशी येऊन बसण्यास सिद्ध आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
मराठी स्थानिकीकरणाचे काम करणारा एक स्वयंसेवक